माझ्या मनगटावर वहिनींचं सेंट

वहिनी माझा हात धरायच्या, मनगट नाकापाशी न्यायच्या आणि भर बाजारात डोळे मिटायच्या. मागून हातगाडीवाला ओरडतोय, समोरून बस येतेय, आणि ह्या बाई माझ्या मनगटावर नाक टेकवून उभ्या. मग डोळे उघडायच्या, जणू तो वास मीच बिघडवून आणला होता अशा नजरेने माझ्याकडे बघायच्या, हात सोडून द्यायच्या आणि म्हणायच्या, "ह्यां तां न्हय."

हे ते नव्हे, हे मलाही कळत होतं. ते आता मिळत नाही, हेही कळत होतं. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली, सगळीकडच्या नॉव्हेल्टी स्टोअरवाल्यांना कळलं होतं. फक्त वहिनींना कळत नव्हतं, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. तुमच्याही शेजारी असं एखादं माणूस राहिलेलं असेल, तर मी काय सोसलं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आमच्या घाटकोपरच्या बिल्डिंगीत पहिला रंगीत टीव्ही आला त्या सुमाराची ही गोष्ट. वहिनींचं दार आमच्या दारासमोर. त्यांचे वडील कोकणातून येऊन गिरणीत लागलेले, त्यामुळे त्यांच्या घरात मालवणी, बाहेर मराठी आणि राग आला की पुन्हा मालवणी. विक्रोळीच्या एका कारखान्यात त्या टाइम ऑफिसात होत्या. उशिरा येणाऱ्या कामगारांच्या हजेरीवर लाल खूण करणं हे त्यांचं काम, आणि घरी आल्यावरही त्यांच्या डोळ्यांतली ती लाल पेन्सिल खाली ठेवलेली नसायची. दूधवाला, मोलकरीण, मी, सगळे त्यांच्या हिशेबी लेटच. सगळी बिल्डिंग त्यांना वहिनी म्हणायची, माझी आईसुद्धा, आणि आई त्यांच्यापेक्षा चांगली मोठी होती.

आता हे 'ते' म्हणजे काय ते सांगते. नीलाक्षी नावाचं एक सेंट होतं. निळ्या बुचाची चपटी बाटली, वर लांब डोळ्यांच्या बाईचं चित्र. फार भारी नव्हे, पण अगदी गल्लीतलंही नव्हे. लावलं की आधी लिंबाच्या सालीसारखा वास यायचा, आणि जरा वेळाने तो जाऊन केवड्याच्या कणसाभोवतीच्या पानांचा यायचा. केवड्याचा नव्हे, पानांचा. हा फरक मला वहिनींनी शिकवला, आणि मला तो कधीही कळून घ्यायचा नव्हता.

ही बाटली त्यांनी पहिल्या पगारातून घेतली होती, लग्नाच्या आधी. घरात देवापुढे पेढे ठेवले, आईला लुगडं घेतलं आणि उरलेल्यात ही बाटली. तेव्हापासून दुसरं काही त्यांनी अंगाला लावलं नाही. लोकांना वाटायचं नवऱ्याची आवड असेल. मी एकदा तसं म्हटलं तर वहिनी हसत सुटल्या. "त्यांका? अगो, त्यांका त्या वासान शिंको येयत. लग्नाच्या पहिल्या दिवशी सगळ्या पाहुण्यांत शिंकत होते."

ते शिंकणारे भाऊ, म्हणजे वहिनींचे मिस्टर, मी कॉलेजात असताना अचानक गेले. छातीत कळ आली आणि ऑफिसातून घरी आलेच नाहीत. वहिनींनी कुंकू सोडलं, गजरा सोडला, काठापदराच्या साड्या ट्रंकेत गेल्या. कोणी जबरदस्ती केली नव्हती, हे मुद्दाम सांगते. आमची बिल्डिंग शिकलेल्या लोकांची होती, अशी जबरदस्ती कोण करणार. पण 'लाव' असंही कोणी म्हटलं नाही. मीही नाही, माझ्या आईनेही नाही.

सेंट मात्र राहिलं. "वास काय कोणाला दिसतोय?" असं त्या म्हणायच्या. कानामागे एक बोट आणि ब्लाउजात खोचलेल्या रुमालाला एक. कारखान्यात सगळे समजत बाई कुठला तरी चांगला साबण वापरतात. एकदा त्यांची मोठी जाऊ मुलुंडहून आली आणि दारातच नाक वर करून म्हणाली, "कसला गं वास येतोय?" वहिनींनी क्षणाचाही विलंब न करता माझ्याकडे बोट दाखवलं. "हिचा. आजकालच्या पोरी." जाऊबाईंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मी त्या दिवशी मासळी धुवायला त्यांची रवळी, म्हणजे बांबूची टोपली, मागायला आले होते, आणि माझ्या अंगाला फक्त मासळीचा वास होता.

तर मग दुकानात मला का न्यायच्या, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण आमच्या स्टेशनजवळचा शेठ. त्याच्याच दुकानातून वहिनी वर्षानुवर्षं नीलाक्षी घेत. भाऊ गेल्यावर काही महिन्यांनी त्या बाटली आणायला गेल्या. शेठ चांगला माणूस. त्याने कपाळाकडे पाहिलं, नजर खाली केली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "कोणासाठी हवंय, बेन? गिफ्ट पॅक करू?"

वहिनी म्हणाल्या, "हो."

घरी आणली तेव्हा ती बाटली चंदेरी कागदात होती आणि वर लाल रिबिनीचं फूल होतं. त्यांनी ती टेबलावर ठेवली, मला बोलावलं आणि म्हणाल्या, "बघ, माका गिफ्ट दिला त्यान." हसल्याही. पण त्या दुकानाची पायरी त्या पुन्हा चढल्या नाहीत, आणि दुसऱ्याही कुठल्या दुकानात स्वतःच्या तोंडाने सेंट मागितलं नाही. तिथून माझी साडेसाती सुरू झाली.

पद्धत अशी होती. मी गिऱ्हाईक. त्या माझ्यासोबत आलेल्या वडीलधाऱ्या बाई. मी नीलाक्षी मागायची. दुकानदार म्हणायचा, ते येत नाही आता, हे बघा नवीन आलंय. मग मी हात पुढे करायचा, कारण गिऱ्हाईक मी. तो थेंब लावायचा. मग आम्ही बाहेर पडायचं, कारण वहिनींच्या मते दुकानात वास खरा कळत नाही. "थांब जरा, वास बसूंदे." तो बसेपर्यंत कोथिंबीर घ्यायची, चपलेचा अंगठा शिवून घ्यायचा, बाजाराला एक फेरी मारायची. मग रस्त्यात मनगट, डोळे मिटणं आणि निकाल. एका संध्याकाळी माझ्या दोन्ही हातांवर कोपरापर्यंत सेंटांचे थेंब असायचे. घरी आले की बाबा खिडकी उघडायचे.

मी तेव्हा अंधेरीला एका ऑफिसात टायपिस्ट होते, त्यामुळे अंधेरीची सगळी दुकानं माझ्या वाट्याला. ऑफिस सुटल्यावर मी एकटीने चौकशी करून ठेवायची आणि शनिवारी वहिनींनी बसने येऊन निकाल द्यायचा. दुकानदारांची मला बघितलं की तोंडं फिरायची. एकाने तर नोकराला माझ्यादेखत सांगितलं, "ती हात दाखवणारी आली. तिला काय पण दाखवू नको, ती घेत नाय." मी घेत नव्हते हे खरंच होतं. पण वास घेणारी बाई शेजारी साळसूद चेहरा करून बांगड्या बघत उभी होती.

त्याच वर्षी मला एक स्थळ सांगून आलं होतं. बोरिवलीचं, मुलगा बँकेत. सगळं ठरत आलं आणि एकदम थंड पडलं. मागाहून मध्यस्थ काकूंनी आईच्या कानात सांगितलं, मुलाच्या मावशीने तुमच्या मुलीला बोरिवलीला दुकानात पाहिलं, मुलीला सेंटाचा फार शौक आहे म्हणे, असल्या मुली घराला काय कामाच्या. आई माझ्यावर भडकली, मी वहिनींवर भडकले. वहिनी शांतपणे तांदूळ निवडत होत्या. "बरां झाला," त्या म्हणाल्या. "नाक असलेली सासू वाईट."

मी ओरडले, "वहिनी, दुसरं एखादं घ्या ना. एवढी शंभर सेंटं बाजारात आहेत. त्या नीलाक्षीला काय सोनं लागलंय?"

त्यांनी सूप खाली ठेवलं. "जुनां लावतंय तो सवयीचो भाग झालो. कोणी बोललाच तर सांगता येता, सवय आसा. चाळीशी उलटल्यावर, ह्या कपाळान दुकानात जाऊन नवीन पसंत करायचा म्हणजे काय? ती हौस झाली."

"मग करा हौस."

"तुका काय जाता बोलाक," असं म्हणून त्यांनी सूप पुन्हा उचललं.

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आम्ही नुसती बाटली शोधत नव्हतो. ती मिळत होती तोवर त्यांना कोणापुढे, स्वतःपुढेसुद्धा, काही कबूल करावं लागत नव्हतं. ती संपली की दोनच वाटा होत्या. एक तर हेही सोडायचं, नाहीतर मला आवडतं म्हणून मागायचं. मला त्यांची दया आली का? आली. पण माझं मोडलेलं स्थळही डोळ्यांसमोर होतं, त्यामुळे फार वेळ टिकली नाही.

बाटलीच्या बुडाशी कंपनीचा पत्ता होता, जोगेश्वरीचा. वहिनींनी रजा टाकली, मला टाकायला लावली, आणि आम्ही पत्ता विचारत विचारत गल्लीबोळ तुडवत तिथे पोचलो. पत्र्याचं फाटक, आत मशीनचा आवाज. वहिनींचा चेहरा उजळला. वॉचमनला मी विचारलं, कारण गिऱ्हाईक मी. तो म्हणाला, "सेंटवाला तो कब का गया. अभी इधर बालपेन का रिफिल बनता है." आणि आम्ही नको नको म्हणत असताना त्याने मूठभर रिफिली दिल्या. परतीच्या बसमध्ये वहिनी खिडकीबाहेर बघत बसल्या होत्या. मी रागाने एक रिफिल तिकिटाच्या मागे घासून पाहिली. तीही चालत नव्हती.

घरातल्या शेवटच्या बाटलीत त्या पाणी घालू लागल्या. पाण्याने वास गढूळ झाला. मग नुसती बाटली साड्यांत ठेवली. मग एक दिवस त्या आमच्याकडे आल्या, आणि त्यांच्याबरोबर काहीच आलं नाही. फक्त इस्त्रीचा आणि ऑफिसच्या फायलींचा वास. मला ते फार विचित्र वाटलं. ओळखीचं माणूस चष्मा काढून समोर बसावं तसं.

म्हणून मीच शेवटचं म्हणून शेठकडे गेले. त्याच्याकडे मी अधूनमधून विचारत होतेच, पण तो दरवेळी "बंद झाली" म्हणून हात हलवायचा. ह्यावेळी बघते तर अर्ध्या दुकानात सुतार. पावडरी, स्नो, रिबिनी खोक्यांत भरून कोपऱ्यात लावलेल्या. शेठ म्हणाला, "आता व्हिडिओ कॅसेट ठेवणार. सेंटपावडरमध्ये काय राहिलं नाय. तुला काय, तेच निळ्या बुचवालं?"

"हो, तेच निळ्या बुचवालं."

"होत्या चार-पाच," शेठ म्हणाला. "कंपनी बंद झाली तेव्हाच्या. पण त्या एका बाईसाठी ठेवल्या होत्या. आमच्या बापाची पद्धत आहे, शेवटचा माल जुन्या गिऱ्हाइकाला. विक्रोळीला कामाला जातात त्या. मिस्टर वारले त्यांचे. आज येतील, उद्या येतील म्हणून ठेवल्या, तुला पण नाय म्हटलं. आल्याच नाहीत. गेल्या महिन्यात सगळा जुना माल फेरीवाल्याला दिला, त्यात गेल्या."

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं ते मला माहीत नाही. मी त्या सुतारांसमोर, पूर्ण आवाजात ओरडले. "शेठ, त्यांच्यासाठीच मागत होते मी. दोन वर्षं. त्यांच्यासाठीच. त्या स्वतः लावतात. तुम्ही त्यांना विचारलंत ना, कोणासाठी हवंय म्हणून, त्यामुळे त्या येत नाहीत."

शेठने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "मग आधी बोलायचं ना," एवढंच म्हणाला. मग, "मी तर चांगल्या मनाने विचारलं होतं." तेही खरंच होतं. ह्या सगळ्या प्रकरणात वाईट मनाचं कोणीच सापडत नव्हतं, आणि त्याचाच मला जास्त संताप आला.

घरी जाऊन मी वहिनींना सगळं सांगितलं, त्यांचं गुपित मी फोडलं हेसुद्धा. ते मी बरोबर केलं असं मला तेव्हाही वाटत होतं आणि आजही वाटतं. मला वाटलं त्या चिडतील, मालवणीत माझा उद्धार करतील. त्यांनी एकच विचारलं.

"त्यान माझ्यासाठी बाजूक ठेवल्यान होत्यो?"

"हो. तुमच्यासाठी म्हणून मलासुद्धा दिल्या नाहीत."

"आणि मी तुका धाडत रवलंय," त्या म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

मग महिनाभर वहिनी माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की बाजूने निघून जायच्या. शनिवार संध्याकाळ मोकळी मिळाली, जिच्यासाठी मी दोन वर्षं कुरकुरत होते, आणि तिचं काय करावं मला सुचेना. मी घरात उगाच कपाट आवरत बसायची. आई म्हणाली, "जा, बाजारात तरी जाऊन ये." मी म्हटलं, मला बाजारात काय काम आहे.

असाच एक शनिवार. समोरच्या दाराची कडी वाजली, वहिनींच्या चपला जिना उतरून गेल्या. मला बोलावलं नाही. मला राग आला, खोटं कशाला सांगू. अंधार पडायच्या सुमाराला त्या परत आल्या आणि सरळ आमच्या घरात शिरल्या. आई स्वयंपाकघरात होती. वहिनींनी आपला हात माझ्या नाकासमोर धरला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात, त्यांचं मनगट.

"ह्यां कसां वाटता?"

मुलुंडला आरशांची भिंत असलेलं एक नवीन दुकान झालं होतं, तिथून आणलेलं ते सेंट होतं. गोड, झणझणीत, डोक्यात जाणारं. केवडा नाही, पानं नाहीत, काही नाही. मी एक पाऊल मागे सरले. "वहिनी, भयंकर आहे. डोकं दुखेल."

"तुका नायच आवडूचां," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी घेतलेलां नाय."

आणि त्या माझ्या पलंगावर बसल्या, पर्समधून बाटली काढून मांडीवर ठेवली आणि तिचं बूच उघडून पुन्हा लावलं. बाटली नुसतीच होती, चंदेरी कागद नाही, रिबीन नाही. मी विचारलं, "दुकानात काय सांगितलंत? कोणासाठी म्हणून?"

वहिनींचा चेहरा एकदम पडला. "त्यान विचारलांच नाय. कारटो होतो, विशीतलो. चार बाटल्यो दाखवल्यान, मी दोनदा बाहेर फेरी मारून इलंय, ही घेतलंय, त्यान पिशवीत घातल्यान आणि थँक्यू म्हणालो." मग त्या म्हणाल्या, "बसमध्ये सगळी तयारी करून गेलेलंय. काय बोलायचां ता सगळां ठरवून."

"काय बोलणार होता?"

"ता आता कित्याक?" असं म्हणून त्या उठल्या, आणि आईने केलेला चहाही न घेता घरी गेल्या.

ते सेंट त्या लावत राहिल्या. कानामागे एक बोट वगैरे नाही, चांगलं ढळढळीत. त्या कामावर निघाल्या की तळमजल्यावरच्या आजोबांना ठसका लागायचा. मुलुंडच्या जाऊबाई पुन्हा आल्या तेव्हा मी मुद्दाम वहिनींच्या घरी जाऊन बसले होते, पण त्यांनी नाक वर केलं आणि काही न बोलता खाली केलं. पुढे माझं लग्न झालं, बोरिवलीलाच, पण दुसऱ्या घरात. माहेरी आले की मी वहिनींना हमखास छेडायची, "सांगा ना, काय सांगणार होता त्या पोराला?" त्या म्हणायच्या, "सांगेन कधीतरी." एकदा तर तोंड उघडलंही होतं, तेवढ्यात त्यांचा कुकर वाजला.

त्या गेल्याचं आईने फोनवर कळवलं. शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, त्यामुळे नीट रडताही आलं नाही. भाऊंसारख्याच अचानक गेल्या. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं आणि जाऊबाई घर आवरत होत्या. खिडक्या सताड उघड्या होत्या.

एवढी चिडचिड मी आयुष्यात दुसऱ्या कोणासाठी केली नाही, आणि एवढी आठवणही दुसऱ्या कोणाची येत नाही. आता दुकानात सेंट विकणाऱ्या मुली फार गोड बोलतात, हात धरून थेंब लावतात, काहीच विचारत नाहीत. बरं आहे. पण मनगट नाकाशी नेलं की मला वहिनींचा तो पडलेला चेहरा दिसतो. आयुष्यभर ज्या प्रश्नाला त्या भ्यायल्या, त्याचं उत्तर एकदाचं तयार करून ती बाई मुलुंडपर्यंत बसने गेली होती. कोणीतरी तिला विचारायला हवं होतं.